न छापलेली ओळ

त्र्यंबक बोर्डे यांच्या शोकसभेत सात वक्ते बोलले. पाच जणांनी त्यांना बंडखोर संपादक म्हटले. त्यातल्या एकाने दोनदा म्हटले. सभागृह निम्मे भरले होते. मी तिसऱ्या रांगेत जुन्या सवयीने वही काढून बसलो होतो, म्हणून हे आकडे सांगता येतात.

'बंडखोर' हा शब्द बोर्डे सरांनी त्यांच्या 'चौफुली' मासिकात कधी जाऊ दिला नाही. कुणाच्या लेखात तो आला की ते त्याभोवती गोल काढत आणि समासात लिहीत, "कोणाविरुद्ध? काय केले?" त्यामुळे मीही तो वापरत नाही. त्यांनी काय केले, त्यातले जे मी स्वतः पाहिले, तेवढे लिहितो.

'चौफुली'चे ऑफिस शहागंजात होते. खाली सुतळी आणि दोरखंडाचे दुकान, वर एक लांबट खोली. जिना चढताना तागाचा वास यायचा आणि तो अंकांच्या गठ्ठ्यांनाही लागायचा. खोलीत दोन टेबले, पाच खुर्च्या आणि भिंतीवर शाळेतला असतो तसा फळा. सर त्याआधी फुलंब्रीला सहा वर्षे मराठी शिकवत होते. शाळा का सोडली असे विचारले की ते म्हणत, "मुख्याध्यापकांना माझी लाल शाई आवडत नव्हती." खरी गोष्ट मला नंतर त्यांच्या एका सहकाऱ्याकडून कळली. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने शेरेबुकात आठ ओळींचा शेरा लिहिला होता. त्यात शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. सरांनी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि खाली तारखेसह सही केली.

फळ्यावर त्या महिन्यात अंकात न वापरायचे शब्द लिहिलेले असत. 'खळबळ' आणि 'मान्यवर' हे कायमचे होते. 'असे समजते' हेही. "कोणाला समजतं? त्याचं नाव लिही. नाव नसंल तर तुला समजलेलं नाही," असे ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. तेव्हा मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. 'चौफुली'त मी तीन वर्षे होतो. पुढे दैनिकात तीस वर्षे काढली, पण आजही बातमीत 'असे समजते' लिहिताना हात थांबतो.

मास्तरकी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. येणाऱ्या प्रत्येक मजकुराला ते दहापैकी गुण देत. एका बड्या अधिकाऱ्याने एकदा शिपायाबरोबर तीन कविता पाठवल्या. त्या कोणत्या पानावर घ्याव्यात, हेही सोबतच्या चिठ्ठीत होते. सरांनी त्याच शिपायाला चहा पाजला, तोवर कविता तपासल्या, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि परत पाठवल्या. खाली लिहिले होते, "दहापैकी चार. दुसरीतली विहीर चांगली आहे. तिसरी पुन्हा लिहावी." महिन्याभरात सरकारी जाहिराती बंद झाल्या. गंमत अशी की, सातआठ महिन्यांनी तिसरी कविता पुन्हा आली, या वेळी टपालाने, चिठ्ठीशिवाय. सरांनी ती वाचली, समासात सहा लिहिले आणि छापली. जाहिराती मात्र परत आल्या नाहीत.

'चौफुली' ज्यासाठी ओळखली जायची ते सदर पहिल्या पानावर असे. त्याचे नाव 'आमचं चुकलं'. मागच्या अंकात जे चुकले ते तिथे छापायचे आणि अंकातल्या सगळ्यात मोठ्या मथळ्यापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचे. एकदा कन्नडकडच्या एका निवृत्त तलाठ्याचे पत्र छापताना त्यांच्या नावाआधी 'श्री.'ऐवजी 'कै.' पडले. ते गृहस्थ पुतण्याला घेऊन जिना चढून आले. सासुरवाडीची माणसे टोपी काढून दारात येऊन बसली होती, असे त्यांनी शांतपणे सांगितले. पुढच्या अंकात पहिल्या पानावर आले, "श्री. अमुक जिवंत आहेत. मागच्या अंकात आम्ही त्यांना कैलासवासी केले. आमचं चुकलं." ते वाचून ते पुन्हा आले. सरांना वाटले, आता भांडणार. पण त्यांना वीस प्रती हव्या होत्या, पाहुण्यांत वाटायला.

आमचा छापखाना दोन गल्ल्या सोडून होता. मालक मुनीरभाई. स्वतः अक्षरांचे खिळे जुळवायचे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध जुळवायचे आणि बोलायचे मात्र दखनीत. 'दिलगिरी' हा शब्द सरांच्या फळ्यावर गेला तो त्यांच्यामुळे. एका अंकासाठी मी 'आम्ही दिलगीर आहोत' असे लिहून दिले होते. मुनीरभाईंनी प्रूफ हातात धरून विचारले, "सर, दिलगीर मतलब उदास. किसी ने दिल पकड लिया, ऐसा. इसमें गलती किधर है?" सरांनी ते प्रूफ मागून घेतले. मग ऑफिसात येऊन त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि तो पुसला गेला नाही. ते म्हणायचे, सरकार दिलगीर असतं, बँका दिलगीर असतात, आपण चुकतो.

या सदराचा आणखी एक नियम होता. चूक कबूल करताना आपल्या बाजूचे एक अक्षर लिहायचे नाही. खिळा सटकला, घाई झाली, माहिती देणाऱ्याने चुकीची दिली, यातले काहीही नाही. "चुकलं म्हटल्यावर पुढं 'पण' लिहायचा नाही," ते म्हणत. मुनीरभाई त्यांना चिडवत, "लोगां समझते सर, माफी छापना हीच अपना धंदा है." सर हसत. हा नियम त्यांचा अभिमान होता. पुढे जे झाले ते या नियमावरून झाले.

एका मोठ्या शिक्षणसंस्थेची मुलींची दोन वसतिगृहे फक्त कागदावर आहेत, अशी माहिती आमच्याकडे आली. एक अजिंठा रस्त्यावरच्या एका गावात, दुसरे फुलंब्रीच्या पलीकडे. पहिल्या गावी मी स्वतः गेलो. वसतिगृहाची पाटी होती, दाराला कुलूप होते, कुलपाला गंज होता. खिडकीतून पाहिले तर आत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. गावातल्या चौघांनी नावानिशी सांगितले की, इथे मुली कधीच राहिल्या नाहीत. आसपासच्या वाड्यांवरच्या पोरी सातवीनंतर घरीच बसतात, हेही सांगितले.

दुसऱ्या गावी मी गेलो नाही. अंक मशीनवर चढायला दोन दिवस होते आणि पहिल्या गावावरून माझी खात्री पटली होती. मी त्या गावातल्या एकमेव फोनवर फोन केला. तो पिठाच्या गिरणीत होता. गिरणीवाल्याने शेजारून वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंना बोलावून आणले. त्यांचे नाव गयाबाई. गिरणी चालू होती. मी ओरडून विचारले, "वसतिगृहात पोरी आहेत का?" पलीकडून उत्तर आले. मला ऐकू आले, "नायती." मी आभार मानून फोन ठेवला.

लेख छापून आला. दहा दिवसांत संस्थेच्या अध्यक्षांच्या वकिलाची नोटीस आली. दोन्ही वसतिगृहे सुरळीत चालू आहेत, 'चौफुली'ने दिलगिरी व्यक्त करावी, नाहीतर मानहानीचा दावा. सरांनी नोटिशीतल्या 'दिलगिरी' या शब्दाभोवती गोल काढला आणि ती फाइलला लावली. आमचे वकील सरांचे बालमित्र होते. पहिल्या गावचे चार साक्षीदार पाहून ते खूश होते. इतकी भक्कम बाजू आपल्याला क्वचित मिळते, असे ते म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी गयाबाई आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. सकाळच्या एसटीने येऊन शहागंजात विचारत विचारत त्यांनी ऑफिस शोधले होते. फोनवर कोण बोलले होते, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, मी. त्यांनी पिशवीतून एक हजेरीपट काढून टेबलावर ठेवला. त्यात अकरा नावे होती.

"मी हायती म्हनले हुते," त्या म्हणाल्या. "तुमी नायती छापलं."

सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि सगळे विचारून घेतले. कागदावर अधीक्षक म्हणून अध्यक्षांचा भाचा होता, तो कधी फिरकायचा नाही. एका खोलीत अकरा मुली आणि गयाबाई, एवढेच ते वसतिगृह. भाकरीपासून दुखण्यापर्यंत सगळे त्याच बघत. आमचा लेख आल्यावर वसतिगृहांना अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याने दोन्ही ठिकाणांना नोटीस काढली. पहिल्या ठिकाणी तपासणीच्या दिवशी अध्यक्षांनी दुसऱ्या शाळेतल्या मुली टेम्पोने आणून बसवल्या आणि ते वाचवले. दुसऱ्याची त्यांना फिकीर नव्हती.

"मग तिथं साहेब तपासायला आले तेव्हा मुली दिसल्या नाहीत का त्यांना?" सरांनी विचारले.

"सायेब आलेच न्हाईत. तुमचा अंक फायलीला लावला अन् चिठ्ठी धाडली. म्हैनाअखेर बंद." त्यांनी हजेरीपटावर बोट ठेवले. "पोरी घरी गेल्या तर परत येनार न्हाईत, सायेब. दोघींचं तर ठरवायलेत."

सर त्याच दिवशी मला आणि गयाबाईंना घेऊन खात्याच्या कचेरीत गेले. संबंधित साहेबांनी हजेरीपट पाहिलाच नाही. छापील गोष्ट खोडायची तर छापील पाहिजे, असे त्यांनी सांगितले. दुरुस्ती छापून आणा, ती फाइलला लावतो.

संध्याकाळी वकील आले. त्यांचे म्हणणे सरळ होते. आता 'आमचं चुकलं' छापले तर समोरच्याच्या हातात काठी दिल्यासारखे होईल. एक गाव चुकले म्हणजे दुसरेही चुकले, असे तो म्हणणार आणि लोक मानणार. मुलींची व्यवस्था दुसरीकडे करू, थोडे थांबू. सरांनी विचारले, किती थांबायचं? महिना संपायला नऊ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सर एसटीने एकटेच त्या गावी गेले. मला नेले नाही. परत आले ते थेट छापखान्यात. पुढचा अंक दोन आठवड्यांनी होता; तो त्यांनी चार पानांचा करून आधी काढायचे ठरवले. मजकूर त्यांनी उभ्यानेच लिहिला. "फुलंब्रीच्या पलीकडच्या वसतिगृहात मुली नाहीत असे आम्ही छापले. तिथे अकरा मुली राहतात. गयाबाई त्यांना सांभाळतात. आम्ही तिथे न जाता लिहिले. आमचं चुकलं." खाली 'संपादक' म्हणून स्वतःचे नाव. माझे नाव कुठेही नव्हते.

मी प्रूफ पाहिले आणि खाली पेन्सिलीने एक ओळ लिहिली. "अजिंठा रस्त्यावरील वसतिगृहाविषयीचा आमचा मजकूर बरोबर आहे."

सरांनी ती वाचली. "ही कोणासाठी?"

मी म्हणालो, ते खरं आहे.

"खरं आहे. पण ही ओळ आपल्यासाठी आहे. गयाबाईंसाठी नाही."

मुनीरभाई हातात खिळ्यांची पट्टी धरून उभे होते. मजकुराबद्दल ते सरांना सहसा काही सांगत नसत. त्या दिवशी ते म्हणाले, "डाल देव सर एक लाइन. जगा है." सरांनी मान हलवली आणि पेन्सिलीची ओळ खोडली.

अंक निघाला. गयाबाई दोन प्रती घेऊन गेल्या, एक फाइलला लागली, वसतिगृह राहिले. वकिलांनी सांगितले तेही तसेच झाले. अध्यक्षांनी आमच्या पहिल्या पानाची पत्रके छापून गावोगाव वाटली. 'चौफुलीची कबुली' असा मथळा दिला होता. आता दाव्याची गरजच नाही असे जाहीर करून त्यांनी तो केलाच नाही. त्यामुळे आमच्या चार साक्षीदारांना कोर्टात उभे राहायची वेळ आली नाही. जिथे जावे तिथे लोक म्हणत, सर, तुमच्यासारखा माणूस असं कसं छापतो? पहिल्या गावाबद्दल कुणी विचारले नाही. सर कुणाला सांगायलाही गेले नाहीत. विक्रेते गठ्ठे न सोडता परत करू लागले. दीड वर्षाने 'चौफुली' बंद झाली. शेवटच्या अंकात निरोपाचा लेख नव्हता. 'आमचं चुकलं'मध्ये एका धरणाचे नाव दुरुस्त केलेले होते, तेवढेच.

नंतर सर इतरांची पुस्तके तपासून देत. हर्सूलला मुलीच्या शेजारी दोन खोल्यांत राहत. हुरड्याच्या दिवसांत गयाबाई पिशवी भरून हुरडा आणायच्या, बसायच्या आणि कोणती पोर कुठे आहे ते सांगून जायच्या. निवृत्त झाल्यावरही त्यांनी हे चालू ठेवले. एकदा मी तिथे असताना त्यांनी माझ्याकडे बोट करून सरांना विचारले, "ह्यांचा कान सुधारला का?" सर म्हणाले, कान बरा आहे, पाय आळशी होते. दोघेही हसले. मीही हसलो.

शोकसभेत एका वक्त्याने हा किस्सा सांगितला. स्वतःची चूक पहिल्या पानावर छापणारा संपादक, अकरा मुलींचे छत वाचवणारा संपादक. टाळ्या पडल्या. त्याने सांगितलेले सगळे खरे होते. चूक मात्र सरांची नव्हती, माझी होती. आणि अजिंठा रस्त्यावरचे गाव त्याच्या भाषणात आले नाही.

सरांना मी शेवटचे भेटलो ते त्यांच्या मृत्यूच्या आठ दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमारास. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. आवाज अगदी खाली गेला होता. थोडे इकडचे तिकडचे झाल्यावर त्यांनी अचानक विचारले, अजिंठा रस्त्यावरच्या वसतिगृहाचे पुढे काय झाले? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता.

मला जेवढे माहीत होते तेवढे मी सांगितले. त्यानंतर अकरा वर्षे ते कागदावर चालू राहिले. मग कुठल्याशा फेररचनेत आपोआप बंद झाले. चौकशी झाली नाही. इमारत उभी आहे, हल्ली तिथे कापूस ठेवतात.

"अन् त्या वाड्यांवरच्या पोरी?"

"माहीत नाही, सर. कुणी मोजल्या नाहीत."

त्यांनी मला खुर्ची जवळ घ्यायची खूण केली. मग म्हणाले, "तू तेव्हा एक ओळ लिहिली होतीस. काय होती?"

मी सांगितली. ती मला शब्दन् शब्द पाठ होती. अजिंठा रस्त्यावरील वसतिगृहाविषयीचा आमचा मजकूर बरोबर आहे.

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असे वाटून मी उठणार होतो.

"'आमचा मजकूर' कशाला?" ते म्हणाले. "तिथं परत आपणच आलो. पोरी कुठायत त्यात? म्हणून मी ती काढली." थोडा दम घेऊन ते पुढे म्हणाले, "काढायची नव्हती. दुरुस्त करायची होती. तेवढं मला सुचलं नाही. लिही."

मी वही काढली. त्यांनी सांगितले, "अजिंठा रस्त्यावरच्या वसतिगृहात एकही मुलगी राहत नव्हती." वाचून दाखव म्हणाले. मी वाचले. "'एकही' काढ. ओरडल्यासारखं वाटतं." मी काढले. पुन्हा वाचायला सांगितले. "'मुली राहत नव्हत्या' कर. अन् पुढं लिही, आम्ही पाहून आलो आहोत." मी लिहिले आणि तिसऱ्यांदा वाचले.

"अजिंठा रस्त्यावरच्या वसतिगृहात मुली राहत नव्हत्या. आम्ही पाहून आलो आहोत."

त्यांची मुलगी औषधाची वाटी घेऊन आत आली. त्यांनी हात वर करून तिला थांबवले. मग माझ्याकडे न बघता मांडीवरच्या वहीकडे बघत त्यांनी तर्जनीने हवेत एक लांब तिरपी रेघ ओढली. मजकूर छापायला सोडताना मुनीरभाईंसाठी ते प्रूफावर अशीच रेघ ओढत.